बाबांच्या पेजेतलं मीठ

फेब्रुवारी १९९६, दुसरा रविवार, सकाळ. रोह्यातलं आमचं घर. हजर : बाबा, मी, पेणहून आलेला भाऊ सुरेश आणि डॉक्टर. बाबांना तपासून डॉक्टर उठले, तेव्हा मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. औषधं, वेळा, पथ्य... सगळं खुणा करून. ‘मीठ बंद’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “मी ‘कमी करा’ म्हटलं होतं,” ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, “आता थोडेच दिवस आहेत. मागतील ते द्या.”

बाबांची हयात पेणच्या खाडीकाठी मिठागरात गेली. त्याच मिठावर आम्ही दोघं शिकलो, मी शिक्षिका झाले. त्यांचं हृदय थकलं म्हणून हट्टानं त्यांना रोह्याला आणलं, आणि त्या माणसाला मी तीन आठवडे अळणी पेज पाजली. पहिल्याच घोटाला ते म्हणाले होते, “आमच्या मिठागराला असा मुकादम नव्हता गो. वाडगा संपला, तेपण लिवतेस?” मी खरंच लिहीत होते. त्यांनी एकदाही वाडगा परत केला नाही. मी केलं म्हणून ते खात राहिले, हे मला त्या रविवारी कळलं.

डॉक्टर गेल्यावर पेज गरम केली. सुरेशनं पेणहून आणलेल्या खडेमिठातली चिमूट बाबांच्या हातावर ठेवायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. मीठ हातात दिलं की भांडण होतं, म्हणून आमच्याकडे ते खाली ठेवायचं.

“खाली ठेव. जाताना भांडण नको.”

“चूक माझी झाली, बाबा. भांडा.”

“तुझ्याशी? नाय जमायचं...” आणि त्यांनीच तळहात पुढे केला. मीठ पेजेत टाकून बोट चाटलं. “आपल्याकडचंच हाय.”

तीन दिवसांनी दुपारी ते झोपेतच गेले. ते तीन दिवस मिळाले, याचं ऋण मी विसरणार नाही.

मिठाचा हंगाम असल्यानं बाबांचे मिठागरातले जोडीदार धोंडूकाका थेट तेराव्याला आले. पथ्याचं त्यांना सुरेशकडून कळलं होतं. “शेवटी जेवला काय?”

“पेज.”

“अळणीच?”

मी त्यांचं उष्टं पान उचलायला वाकले. काकांनी काय समजायचं ते समजून मान खाली घातली आणि एसटी गाठायला निघाले.

दाखला, बँक, रेशनकार्ड, सगळं उरकलं. मिठागरावर जाऊन काकांना ‘नाही, अळणी नव्हती’ एवढंच सांगायचंय. पाऊस आला की तिथलं काम बंद होईल. मे लागला... मी अजून गेलेले नाही.