पुजलेला हौद

वाशीच्या आमच्या घरात संडासाचा हौद बांधला तेव्हा मी नवी सून होते. तो चालतो कसा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही धड सांगता येणार नाही. आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आमच्या आळीत कुणाच्याच घरी संडास नव्हता. बायका उजाडायच्या आत ओढ्याकडं जात, चार गप्पा मारून परत येत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सासूबाई पडल्या आणि सगळं अडलं. खुब्याला मार बसला, ओढ्याचा उतार उतरणं बंद झालं. मी त्यांना धरून गोठ्यामागं न्यायची, तर तिथं भिंतीकडं तोंड करून रडायच्या. मग त्यांनी खाणंच तोडलं. अर्धी भाकरी, घोटभर पाणी. "भूक न्हाय," म्हणायच्या. भूक होती. त्यांची नजर माझ्या ताटावर यायची ते मला दिसायचं. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

सासऱ्यांचं अडत दुकान, सोलापूरला येणं-जाणं. तिथं एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी जमिनीखालचा हौद पाहिला आणि मनावरच घेतलं. संडासाचं चिनी मातीचं भांडं गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून आलं. सोलापूर इंग्रजी मुलखात, म्हणून सरहद्दीच्या नाक्यावर जकात घेणाऱ्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, ही वस्तू कशात धरावी ते त्याला सुचेना, आणि त्यानं तसंच सोडून दिलं.

गवंडी आजवर विहिरी आणि धान्याची पेवं बांधत आलेला. जमिनीतला खड्डा म्हणजे एक तर पाणी, नाहीतर ज्वारी, एवढंच त्याला ठाऊक.

"मालक, मधी भिंत कशाला? एका अंगाला जवारी आन् एका अंगाला तूर?"

"आरं, घाण हितं तळाला बसती. निवळलेलं पाणी पलीकडं जातं, आन् परसात मुरतं."

"आन् घाण कुठं जाती?"

"जिरती."

"कशात?"

इथं सासरे दुकानाची वाट धरायचे. मी दाराआडून ऐकायची आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ.

शेजारी चार भिंतींच्या खोलीत भांडं बसलं, हौद पाण्यानं भरला, वर फरशा टाकून सांधे सिमेंटनं बुजवले. तेवढं सिमेंट मिळवताना सासऱ्यांच्या नाकी नऊ आले होते. फरशा वाळल्यावर सासूबाईंनी मला पूजेचं ताट आणायला लावलं. आमच्याकडं पेव बंद केलं की त्याची पूजा होते, त्यांचा हात सवयीनंच चालला. फरशीवर विभूतीचे तीन पट्टे, हळदकुंकू, विडा, नारळ. सासरे दुकानात होते. मला वाटलं, ह्याचीही रीत असेल.

दुसऱ्या दिवशी त्या अडून बसल्या. "जितं नारळ फोडला तितं घाण करू व्हय म्या?"

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. सासूच्या आधी मी तरी कशी जाणार? संडास कोरा राहिला आणि ताटातली भाकरी अर्धीच.

अशात लेव्हीची माणसं आली. सरकार घरोघरचं धान्य वसूल करी, आणि लपवलेली पेवं हुडकायला ही माणसं पहारी घेऊन फिरत. परसात शिरताच त्यांच्या साहेबाला, गिरदावराला, हळदकुंकवाची फरशी दिसली.

"ये पेव है."

"न्हाय हुजूर, संडास हाय."

"पाखाने कू हल्दी-कुंकू लगाते क्या तुम लोगां?"

सासऱ्यांनी शेजारच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत भांडं होतं, पण कोरं करकरीत. त्याच्याबरोबरच्या जवानानं फरशीवर पहार आपटली, आतून भरल्यासारखा आवाज आला. "फोडो," गिरदावर म्हणाला. फरशा फुटल्या तर सिमेंट पुन्हा कुठून येणार? सासूबाई उपाशी मरतील माझ्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. "पोरी, तांब्या भर."

परक्या पुरुषांसमोर कधी ओसरीवर न आलेल्या सासूबाई. पदर ओढला, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात तांब्या, आणि भर दुपारी सगळ्यांदेखत लंगडत परस ओलांडलं. फरशीपाशी थांबून तिला नमस्कार केला. मग आत गेल्या आणि कडी लावली.

गिरदावर कानापर्यंत लाल झाला. त्यानं पाठ फिरवली, जवानांनीही फिरवली. "चलो," एवढंच म्हणाला आणि सगळे निघून गेले.

सासूबाई बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत काय झालं ते मी विचारलं नाही. हसावं की रडावं हेच मला कळत नव्हतं, आणि सासरे आभाळाकडं बघत उभे होते.

संध्याकाळी अर्धी भाकरी संपल्यावर मी नेहमीसारखी त्यांची ताटली उचलायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब की. आजून एक वाढ. आन् पाणी दे, तांब्याभर."