आनंदरावांची गाळलेली ओळ

आमचे आनंदराव म्हणजे एक नंबरचे पळपुटे. एसटीत कंडक्टर असताना ड्यूटी कधी चुकवली नाही, पण चर्चमधलं दृढीकरण मात्र म्हातारपणापर्यंत चुकवलं. आमच्याकडे पद्धत अशी, की पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर प्रश्नोत्तरावलीतले प्रश्न विचारतात. उत्तरं दिली की दृढीकरण, आणि ते झालं की वेदीपुढे गुडघे टेकून भाकरी-द्राक्षारसाचं प्रभुभोजन घेता येतं. परीक्षा ठरली की यांना हमखास ताप यायचा. मी नर्स. थर्मामीटर लावला की ताप गायब! पण तोवर चर्चची घंटा होऊन गेलेली असायची.

लग्न झाल्यापासून वेदीपुढे मी एकटीच गुडघे टेकते, आणि हे मागच्या बाकावर बसून माझी पर्स सांभाळतात. मला याचं वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं. यंदा तर माझ्या गुडघ्यांनीच संप पुकारला.

"या ईस्टरला तुम्ही माझ्या शेजारी हवेत," मी बजावलं. "मला उठवायला काय पाळकसाहेब येणार?"

झालं, कळव्याच्या आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू. मी पोळ्या लाटत प्रश्न टाकायचे, हे मेथी निवडत उत्तर द्यायचे.

"देवाने मनुष्याला कशासाठी निर्माण केलं?"

"मेथी निवडायला."

"अहो!"

"बरं बाई, त्याचा गौरव करायला. पण गौरव करून झाला की मेथीच ना?"

लाटणं उगारलं की उत्तर बरोबर यायचं. दहा आज्ञा पाठ झाल्या. भाजीवाल्याने जुडीत कुजकी पानं दडवली तर हे त्याला भर बाजारात "चोरी करू नको, आठवी आज्ञा!" म्हणून दरडावायचे. मी कपाळाला हात लावायचे, पण मनातून खूश होते.

घोडं अडलं ते मतांगीकारात, म्हणजे आपला विश्वास ओळीओळीने कबूल करायचा तिथे. "मी विश्वास धरतो" म्हणून धडाधड सुरू व्हायचे, आणि 'पापांची क्षमा' आली की गप्प. ती ओळ गाळून थेट 'देहाचे पुनरुत्थान'.

"कंडक्टर होतात ना? मग हा स्टॉप का सोडता?" मी चिडले.

"तिथला पॅसेंजर अजून माझ्या गाडीत नाही," असं म्हणून यांनी मेथीत डोकं घातलं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पॅसेंजर म्हणजे सलिलभावोजी, यांचे धाकटे भाऊ. सासरे वारले तेव्हा भावोजींनी त्यांची बाजाची पेटी न विचारता ठाण्यात खोपटला आपल्या घरी नेली, तेव्हापासून बोलणं बंद. आणि पेटी वाजवता दोघांनाही येत नाही!

"मी त्याला क्षमा करत नाही, मग क्षमेवर विश्वास आहे असं कुठल्या तोंडाने म्हणू?" हे म्हणाले. "खोटं बोलू नको, नववी आज्ञा."

मी लाटणं खाली ठेवलं.

ईस्टरच्या सकाळी उठते तर हे गायब. फोन टेबलावरच. पळाले! शेवटी पळालेच! मी तणतणत एकटीच चर्चला गेले. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा पुकारलं, आणि मागचं दार करकरलं.

हे घामाघूम होऊन आत आले. मागे सलिलभावोजी, घरातल्याच लेंग्यावर.

"अगं, याने दारच उघडायला वेळ लावला!" हे तिथूनच ओरडले. मंडळीत हशा पिकला.

"साहेब, आधी मतांगीकार घ्या," हे पाळकसाहेबांना म्हणाले. "गरम आहे तोवर."

एकही ओळ गाळली नाही. 'पापांची क्षमा' तर इतक्या मोठ्याने म्हणाले, की पुढच्या बाकावरचं बाळ दचकून रडायला लागलं. मीही रडत होते.

वेदीपुढे आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. मी डोळे मिटून घेतले, तर हे कानात कुजबुजले, "क्षमा केली गं. पण तो पेटी देणार नाही म्हणतो."

"मग आता?"

"आता काय, दर रविवारी ती ओळ पुन्हा म्हणायची," असं म्हणत यांनी हात धरून मला उठवलं.