चिकटवलेला सरदार

चेक देशातल्या ओलोमोउत्स शहराच्या मैलापाणी केंद्रावर रोस्त्या कोलारझिकने उभी हयात काढली. जाळीला अडकून वर येणाऱ्या वस्तू बघून नवीन माणसं दुपारचं खाणं तसंच घरी परत नेत. रोस्त्या मात्र तिथेच कठड्याला टेकून सफरचंद खात असे. पण घरच्या टेबलावर एखाद्या विटेला तुपकट बोट लागलेलं दिसलं, की तो घास टाकून आधी ती वीट धुवायला उठे.

विटा म्हणजे लहान मुलांच्या, एकीवर एक टक्कन बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा. दर रविवारी दुपारी रोस्त्या त्यांची भुयारं उभारी, पूल बांधी, शापित मठ रचून ठेवी. मग त्याचे जुने दोस्त वितेक आणि हेदविका येत. रोस्त्या गोष्ट सांगे आणि तिघंही आपापल्या वीराची बोटाएवढी प्लॅस्टिकची बाहुली हातात घेऊन त्या गोष्टीत शिरत. वीर तरला की बुडाला, हे फासे ठरवत. तारुण्यात सुरू झालेला हा खेळ तिघांचे केस पिकले तरी थांबला नव्हता.

विटा जुन्या बाजारातून पोत्याने येत. परक्या घरातले केस, वाळून कडक झालेलं च्युइंगगम, बिस्किटाचा बुरशी धरलेला चुरा, सगळं त्या पोत्यात असायचं. चपट्या विटा लोक दातांनी सुट्या करतात, त्यामुळे कडांवर कुणाकुणाच्या दातांचे व्रण असत. रोस्त्या रबरी हातमोजे घालून, मान एका बाजूला वळवून, एकेक वीट ब्रशने घासायचा. मध्येच त्याला ओकारीची उबळ यायची.

"केंद्रावर तर नाकाला साधा रुमाल लावत नाहीस," त्याची बायको यार्मिला म्हणायची, "आणि इथे हा थाट?"

"तिथली घाण घाणीसारखी वागते," रोस्त्या सांगायचा. "ही खेळणं असल्याचा आव आणते."

वितेक हा त्याचा सगळ्यात जुना मित्र. ट्राम चालवायचा. स्वभावाने लोण्यासारखा, आणि बोटंही तशीच. येताना तो गावचं ते प्रसिद्ध, वासाचं पिवळं चीज कागदात बांधून आणी, खेळता खेळता खाई आणि त्याच बोटांनी फासे उचली.

"वितेकशेजारी बसणं म्हणजे मोज्यांच्या वळणीखाली बसणं," हेदविका म्हणायची. तिचं नखं रंगवण्याचं दुकान होतं, वासांची तिला सवय होती.

या खेळात त्यांची एक रीत होती. वीर मेला, की त्याच्या धन्याने सगळ्यांसमोर ती बाहुली स्वतःच्या हाताने सुटी करायची. डोकं, धड, पाय, शिरस्त्राण, सगळं सामाईक डब्यात जायचं. तो चेहरा त्या धडावर पुन्हा बसवायचा नाही. रोस्त्याचे आणि हेदविकाचे कितीतरी वीर त्या डब्यात मिसळून गेले होते. एकट्या वितेकचा सरदार दर्गोमिर वर्षानुवर्षं जिवंत होता.

मार्चमधल्या एका रविवारी सरदार पुलावर गेला. समोर राक्षस होता. फासा टाकल्यावर वितेक त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"एक," हेदविकाने वाचलं. "गेला रे तुझा म्हातारा."

"काढ डोकं," रोस्त्या म्हणाला.

"काढतो की. घाई काय आहे?"

वितेकने पिरगाळल्यासारखं केलं. मग हात पुसून पुन्हा केलं. हेदविकाने बाहुली मागून घेतली, नख लावून पाहिलं. डोकं हललंसुद्धा नाही. रोस्त्याने चष्मा चढवला आणि बाहुली खिडकीपाशी नेली. मानेभोवती एक पिवळट, वाळलेली रेघ होती. शेंबडाची असते तशी. कमरेलाही तशीच होती.

"डिंक लावलास?"

"डिंक नाही. चपला चिकटवतात ना, ते."

"कधी?"

वितेक टेबलाच्या कडेशी चाळा करत होता. "मार्केता संसार मोडून गेली तेव्हा. तिने कपाटंसुद्धा खिळे काढून, फळ्या सुट्या करून नेली. म्हटलं, एक तरी वस्तू जोडलेली राहू दे."

रोस्त्याला शिसारी आली. विटांनी खेळणाऱ्याच्या लेखी चिकटवलेली वीट म्हणजे अन्नात निघालेला केस. पण त्याहून ओंगळ वाटलं ते दुसरंच. इतकी वर्षं तो स्वतः आणि हेदविका आपले वीर खरोखर गमावत होते आणि हा मात्र कधीच न देण्याच्या तयारीने खेळायला बसत होता.

"आज हा सुटा होईल," तो म्हणाला, "नाहीतर पुढच्या रविवारपासून तू येऊ नकोस."

वितेकचा चेहरा उतरला. रविवारी जायला त्याला दुसरं घर नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"रोस्त्या, अरे बाहुली आहे ती," हेदविका म्हणाली.

"म्हणूनच तर."

हेदविकाने सुस्कारा टाकून पर्समधून नेलपॉलिश पुसायच्या पाण्याची बाटली काढली. "घे. पण भांडू नका."

रोस्त्याने बशीत ते पाणी ओतलं आणि सरदाराला त्यात आडवा केला. थोड्या वेळाने चिकटवलेली रेघ सुटायला लागली. मात्र ते पाणी प्लॅस्टिकही विरघळवणारं निघालं; रेघेबरोबर सरदारही सुटायला लागला. चिलखताची चांदी वाहून बशी राखाडी झाली. एक डोळा घसरून हनुवटीवर आला. पाय लिबलिबीत होऊन बशीला चिकटले. रोस्त्याने चिमटीत धरून डोकं ओढलं, तेव्हा ते गरम चीजसारखी तार धरत आलं.

त्याने ते तसंच बशीत टाकलं आणि मोरी गाठली. बराच वेळ तो नळ धरून वाकून उभा होता. वितेकच्या बोटांची त्याला आयुष्यभर किळस आली होती. पण या क्षणी स्वतःच्या हातांकडे त्याला बघवेना.

तो वळला तेव्हा वितेक तो गोळा बशीतून खरवडून काढत होता.

"सुटा झाला," वितेक म्हणाला. "डब्यात टाकू?"

"नको. बाकीच्यांना चिकटेल."

वितेकने गोळा चीजच्या कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि कोट उचलला.

"कुठे चाललास?" रोस्त्याने विचारलं.

"मी राहू की जाऊ, ते तू सांगायचंस. अट तुझी होती."

रोस्त्याने सामाईक डबा त्याच्यापुढे सरकवला.  वितेक कोट खुर्चीवर टाकून बसला आणि डब्यात हात घातला. त्याची बोटं अजून त्या पाण्याने ओली होती. हात लागेल त्या तुकड्यावर एक पांढुरका, कुरूप ठसा उमटत होता, आणि तो कुठल्याही ब्रशने निघणार नव्हता. रोस्त्याला एकेक ठसा दिसत होता. तरी त्याने ब्रशकडे हात नेला नाही.

"नव्या वीराचं नाव काय ठेवणार?" त्याने विचारलं.

"नावाचं मागनं बघू," डब्यातून मान वर न काढता वितेक म्हणाला. "आधी पायांची जोडी तरी सापडू दे. इथे सगळे डावेच दिसतायत."