मी निवडलेली लेखनिक

आमच्या कॉलेजात दिव्यांग कक्ष सुरू झाला तेव्हा समई पेटली, नारळ फुटला, भाषणं झाली आणि दारावर ब्रेलमधली पाटी लागली. पाटी मळू नये म्हणून तिच्यावर काच बसवली होती. कक्षाचा प्रमुख मी. मला एक शाल मिळाली आणि जिमखान्याशेजारची खोली, जिथे कॅरमचे मोडके बोर्ड आधीपासून मुक्कामाला होते. या थाटाला मी मनातून भरपूर हसलो. हसणाऱ्याला नेहमी वाटतं की आपण त्यातले नाही.

तिसऱ्या वर्षाला गोखिवऱ्याहून येणारी एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पेपरात ती उत्तरं सांगायची आणि लेखनिक लिहून घ्यायची. आधीच्या सगळ्या परीक्षांना तिच्या शेजारची एक ताई यायची. ताई बारावी झालेली, घराजवळच्या गाळ्यात प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावायच्या कामावर. शेवटच्या सत्राचा अर्ज मुलीने आणून दिला, त्यातही ताईचंच नाव होतं. ताईचं अक्षर मी पाहिलं होतं. मोठं, आणि ओळी उताराला लागलेल्या.

"शेवटचं वर्ष आहे. जरा चांगली लेखनिक बघू," मी म्हणालो.

"ताईची सवय आहे, सर."

"सवय काय, होते."

मी नवा अर्ज भरला. त्यात अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मुलीचं नाव घातलं. अक्षर देखणं, शुद्धलेखन चोख. अर्जावर परीक्षा देणाऱ्या मुलीचा अंगठा घेतला, आणि प्राचार्यांनी न वाचता सही केली. त्यांच्या न वाचता सही करण्यावर मी स्टाफरूममध्ये पुष्कळ विनोद केले आहेत. लेखनिकाच्या नियमांचं परिपत्रक मात्र माझ्याच खणात होतं, आणि तेही कुणी वाचलेलं नव्हतं.

पेपर साडेदहाचा. दहा वाजता बाहेरून आलेल्या निरीक्षकांनी अर्ज वाचला.

"लेखनिक एम.ए.ला? तीही याच विषयाची?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेली हवी. नाहीतर पेपर कुणाचा म्हणायचा?"

"अहो, ती फक्त लिहिणार आहे."

"सर, तुम्ही मराठीचे ना? परिपत्रक मराठीतच आहे."

शेवटी ते म्हणाले, "अकरापर्यंत दुसरी आणा. त्यानंतर मी कुणाला आत घेणार नाही."

हा पेपर बुडाला तर तिचा निकाल अडकणार होता, आणि बी.एड.चा प्रवेश वर्षभर लांबणार होता. मी धावत सुटलो. खालच्या वर्गांना परीक्षेमुळे सुट्टी होती. शिपाई खाली मान घालून म्हणाला, "मी बी.कॉम. आहे, सर." जणू काही गुन्हा कबूल करत होता. गेटवरचा वॉचमन इतिहासाचा पदवीधर निघाला. ग्रंथालयातल्या बाईंकडे दोन पदव्या होत्या. कॅन्टीनवाले काका नियमात बसले असते, पण चौथीनंतर त्यांनी पेन धरलं नव्हतं. कमी शिकलेलं माणूस शोधताना एवढी दमछाक होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

घंटा झाली. मुलगी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, घडी केलेली काठी मांडीवर.

"सर, ताईला फोन केलाय मी. तुम्ही आत भांडत होता तेव्हाच. आधार आणि मार्कशीट घेऊन निघालीय."

"कुठवर आली?"

"उड्डाणपुलावर. अडकलीय."

मी गेटवर जाऊन उभा राहिलो. पापडीकडे जाणारी प्रत्येक रिक्षा मला आमच्याचकडे वळणार असं वाटत होतं. एकही वळत नव्हती. अकराला सात मिनिटं असताना एक वळली. कामावरचा एप्रन तसाच घातलेली बाई उतरली, "रिक्षावाल्याचं तुम्ही बघा, सर," म्हणाली आणि पळाली.

निरीक्षकांनी मार्कशीट उजेडात धरून पाहिली. दोघी आत गेल्या तेव्हा अकराला तीन मिनिटं होती. गेलेला वेळ मिळावा म्हणून मी विनवणी केली. "दिव्यांगांचा जादा वेळ नियमाने मिळेल, सर. हा वेळ कॉलेजच्या चुकीने गेलाय, तो नाही मिळणार," ते म्हणाले. बरोबर होतं. कॉलेज म्हणजे कोण, तेही आम्हा दोघांना ठाऊक होतं.

खिडकीतून मी पाहिलं. मुलगी हळू आवाजात एक वाक्य सांगायची, थांबायची. ताई वर न बघता लिहायची आणि वाक्य संपलं की डाव्या बोटाने बाकावर एकदा ठोकायची. ठोका ऐकला की पुढचं वाक्य. दोनदा ठोकलं की तेच वाक्य पुन्हा. "झालं का?", "काय म्हणालीस?" असलं काही नाहीच. मी निवडलेल्या लेखनिकेला हे कुणी शिकवलं असतं, आणि कधी?

वेळ संपल्यावर त्या बाहेर आल्या. ताई बोटं चोळत होती.

"एक प्रश्न राहिला, सर," मुलगी म्हणाली.

"येत नव्हता?"

"येत होता."

मी म्हणालो, "सोमवारच्या पेपरचा अर्ज आजच बदलावा लागेल. मी भरतो."

"नाव मी सांगते. तुम्ही लिहून घ्या."

मी पेन काढलं. तीन वर्षं ती बाई आमच्या कॉलेजात येत होती, आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं.