पंगतीतलं नाव

पुतणीच्या लग्नातली शेवटची पंगत. नवरानवरीचे उखाणे झाले, मग सगळ्यांनी माझ्या वहिनीला गळ घातली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण दादाचं नाव घेताना केवढी लाजली! आपल्या माणसाचं नाव चारचौघांत घ्यायला मिळणं म्हणजे काय, हे ज्यांना आग्रह होतो त्यांना कळत नसावं.

"भाऊजी, तुमचं तेवढं राहून गेलं बघा," वहिनी म्हणाली. पंगत हसली, मीही हसलो. माझा उखाणा कधीचा जुळवून तयार आहे, शरदच्या नावाचा. सगळे ज्याला माझा मित्र म्हणून ओळखतात, तो शरद समोरच मान खाली घालून जिलबी मोडत होता.

वाढपी मठ्ठा घेऊन आला. मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं, तर नावच बाहेर पडलं असतं.