बायकोचा दुभाष्या

आमची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. त्यानंतर बायकोचं बोलणं हळूहळू बंद झालं. म्हणजे 'दूध संपलंय', 'कपडे वाळलेत' एवढं बोलायची. बाकी सगळा दिवस इथे आखातात, झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तासगावहून सासूबाईंचा फोन आला की "बरी हाय मी" म्हणायची आणि फोन माझ्याकडे द्यायची.

मी इंजिनिअर. हॉटेलांचे, हॉस्पिटलांचे एसी प्लांट चालू ठेवायचे हे माझं काम. बिघाड कुठे आहे ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं, एवढीच मला सवय. दोन महिने वाट पाहिल्यावर मी ठरवलं, हिला डॉक्टर पाहिजे. पोटाचा नाही, मनाचा.

कंपनीनं दिलेल्या इन्शुरन्स कार्डाच्या मागे नंबर होता. फोनवरच्या मुलीनं सगळं गोडीत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मॅटर्निटी कव्हर आहे. सायकियाट्रिक नाही." मी म्हटलं, "अहो, हे मॅटर्निटीतूनच झालंय." ती म्हणाली, "डिलिव्हरी झाली ना सर? मग मॅटर्निटी संपली."

मग मी ऑफिसात एचआरकडे गेलो. तो केरळचा, बरीच वर्षं इथे काढलेला, वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी दार लावलं. "कंपनी तुमची गव्हर्न्मेंट हेल्थची फी भरते. सरकारी हेल्थ सेंटरला जा, ते पुढे पाठवतील. लेकिन भाई, इधर किसी को बोलना मत. व्हिसा रिन्युअल है आपका." मी मान डोलावली. घरी बायकोला सांगितलं, "कुणाला बोलू नकोस." जी कुणाशीच बोलत नव्हती तिला मी हे सांगितलं.

हेल्थ सेंटरमधल्या डॉक्टरनं तिचं ब्लडप्रेशर पाहिलं, हिमोग्लोबिन पाहिलं आणि मला विचारलं, "झोपते का? जेवते का?" तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या. मी हट्टानं बसून राहिलो तेव्हा मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाला चिठ्ठी दिली. तिथल्या खिडकीवर मी सहा वेळा गेलो. फाइल मुहर्रकच्या सेंटरला गेली होती, कारण बायकोच्या आयडी कार्डावर आमचा जुना पत्ता होता. फाइल परत आली तेव्हा चिठ्ठीची मुदत संपली होती. दुसरी चिठ्ठी आणली. प्रत्येक वेळी खिडकीतला माणूस हसून "इंशाल्ला" म्हणायचा. पहिल्यांदा मला तो होकार वाटला होता.

उन्हाळा गेला आणि एकदाची तारीख मिळाली. मी विचारलं, "हिंदी बोलणारं कुणी आहे का? मराठी तर नसेलच."

"हिंदी मफी," तो म्हणाला, म्हणजे नाही. "अरबी, इंग्लिश. तुम्ही नवरा ना? तुम्हीच सांगा."

समुपदेशक बाई इथल्याच होत्या, माझ्याच वयाच्या. शांत आवाज. टेबलावर टिश्यूचा डबा, भिंतीवर घड्याळ. त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं. पहिली वीस मिनिटं ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. मग बाई म्हणाल्या, "तिला विचारा, त्या दिवसाचं तिला सगळ्यात जास्त काय आठवतं?"

मी विचारलं. आणि ती बोलायला लागली. इतक्या महिन्यांनी सलग बोलत होती, म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग शब्द कानात शिरले.

"मला गुंगी होती. नर्सनं यांना विचारलं, आईला दाखवायचं का बाळ. मला ऐकू आलं. हे म्हणाले, नको. मला बोलायचं होतं, पण जीभ उचलत नव्हती. यांनी बघितलं. बाळ न्यायच्या कागदावर यांनी सही केली. आणि मग कुठल्या तरी हॉटेलचा एसी बंद पडला म्हणून हे कामावर गेले. मी जागी झाले तेव्हा खाटेवर मी एकटी. माझ्या लेकीचं तोंड मला यांनी बघू दिलं नाही. यांना कुणी दिला हक्क?"

हे सगळं ती माझ्या समोर, पण माझ्याकडे न बघता बोलली. बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "बाळाला पाहता आलं नाही याचं तिला वाईट वाटतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती बराच वेळ बोलली. तुम्ही मला एक वाक्य दिलंत."

"आमच्या भाषेत शब्द जास्त लागतात," मी म्हणालो. हे वाक्य मी शुद्धीत, ठरवून बोललो. आजही ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

तेवढ्यात बायकोनं मान वर केली. तिचं इंग्रजी शाळेपुरतं. बोलायची तिला लाज वाटायची, दुकानातही मलाच पुढे करायची. ती बाईंना म्हणाली, "नो. ही सी. आय नो सी. ही से नो."

मग बाई उठल्या, त्यांनी दार उघडलं आणि मला अगदी सभ्यपणे बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, "पण तिला समजणार नाही." त्या म्हणाल्या, "तिनं आत्ता जे सांगितलं ते मला समजलं."

नंतर त्यांनी वॉर्डातल्या एका केरळी नर्सला बोलावून घेतलं. तिला हिंदी येत होतं. माझ्या बायकोचं हिंदी टीव्हीवरचं, नर्सचं हिंदी दिल्लीत शिकलेलं, आणि पुढे इंग्रजी. एवढ्या वळणांनी जाऊनही तिचं म्हणणं पोचत होतं. मी मध्ये असताना पोचत नव्हतं.

अशा सहा भेटी झाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसायचो. आतून कधी रडण्याचा आवाज यायचा, एकदा हसण्याचाही आला. मला त्या हसण्याचा राग आला होता, हेही लिहायला हवं. घरी येताना गाडीत मी विचारायचो, "काय म्हणाल्या?" ती म्हणायची, "काय नाही." ती पुन्हा स्वयंपाक करू लागली, खाली दुकानात एकटी जाऊ लागली.

सातव्या वेळी गेलो तर खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटर बघून हात झटकले. "खलास. सहा झाल्या. आता नवी चिठ्ठी, नवी फाइल." नर्सची बदली झाली होती. बाईंची पुढची तारीख मिळायला हिवाळा उलटला असता. मी भांडायला लागलो, तर बायकोनं माझी बाही ओढली. "चला. मागायचं तरी किती?" चुलीपाशी राहिलेली आमटी पुरवून घ्यावी तशा त्या सहा भेटी तिनं पुरवून घेतल्या. दुसरा इलाजच नव्हता.

आता ती अरादमधल्या एका पाळणाघरात सकाळची कामाला जाते. तिथल्या पोरांशी मोडक्या इंग्रजीत बोलते, माझ्याशी बोलते त्यापेक्षा जास्त. आमच्यात भांडण नाही. ती मला चहा देते, डबा भरते, "येताना कोथिंबीर आणा" म्हणते. लोकांना आम्ही सावरलेलं जोडपं दिसतो.

त्या दिवशी मी 'नको' का म्हटलं? तिला सोसणार नाही असं वाटलं, हे मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला सोसलं नव्हतं. मी एकटाच त्या खोलीत उभा होतो आणि कुणी रडू नये, एवढंच मला हवं होतं. हे तिला सांगावं असं फार वाटतं. सांगत नाही. बाकावर बसून मी गप्प राहायला शिकलो.

गेल्या शुक्रवारी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी पेपर वाचत होतो. वर न बघता तिनं विचारलं, "तिला केस होते का हो?"

"होते," मी म्हटलं. "काळे. दाट. तुझ्यासारखे."

"आणि डोळे?"

"मिटलेले होते."

मी वाट पाहत होतो, अजून काही तरी विचारेल. नाक कसं होतं, बोटं कशी होती, सगळं मला तोंडपाठ आहे. तिनं मेथीची जुडी संपवली, काड्या कागदात गुंडाळल्या आणि आत गेली.