त्राटिकेची आतली बाजू

"तोंड लोकांचं, आतली बाजू आमची," कोंडूबाबा एकदा म्हणाले होते.

मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बंद पडलेल्या भातगिरणीत काही वर्षांपूर्वी संग्रहालय सुरू झालं. तिथल्या वस्तूंच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी चैत्रात, भर दुपारी, कोंडूबाबा एसटीतून उतरून तिथे आले. खांद्यावर घोंगडीचं गाठोडं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवून सोडलं. आत त्राटिका होती. पांगाऱ्याच्या लाकडात कोरलेलं राक्षसिणीचं तोंड, सुपाएवढं, लाल, खालच्या ओठातून वर आलेले दोन सुळे.

"ही हितं राहू दे," ते म्हणाले.

कुठली, किती जुनी, मी विचारत होतो. तोंडाकडे न बघता त्यांनी मुखवटा पालथा केला. आत, जिथे नाचणाऱ्याचं कपाळ टेकतं तिथे, फडक्यांची जाड घडी होती. घामाने कडक झालेली, लाकडाला धरून बसलेली. त्यांनी नखाने एकेक थर उचलून दाखवला. "ह्ये आज्याचं धोतर. ह्ये बापाचं मुंडासं. हा माझा पंचा." सगळ्यांत वर जाड निळं कापड होतं. त्याला शर्टाच्या बाहीचं काज तसंच होतं. त्या काजावर ते बोट ठेवून राहिले. ते वाक्य तेव्हाचं.

मी वहीत लिहिलं: मुखवटा, त्राटिका, लाकूड, बोहाड्यातील, वैशाखरे परिसर. फडक्यांचं काही लिहिलं नाही. रकाना लांबी, रुंदी आणि रंग यांचा होता.

वैशाखऱ्याच्या वर, जिथून माळशेजचे कडे अंगावर आल्यासारखे दिसतात, तिथे कोंडूबाबांची वाडी आहे. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, आणि पिकं निघाली की वाडीला बोहाड्याचे वेध. बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं सांबळाच्या तालावर नाचतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. गणपती एका घराचा, भीम दुसऱ्याचा. त्राटिका कोंडूबाबांच्या घरची. घरातला एकच पुरुष ती नाचवतो. त्याचे गुडघे थकले की पुढचा. लाकूड जड असतं, कपाळ सोलवटतं, म्हणून नवा माणूस आपल्या अंगावरच्या कापडाची पट्टी आत लावतो. आधीची मात्र काढत नाही. बापाच्या घामावर आपलं कपाळ टेकायचं, अशी रीत.

एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा त्राटिका घातली आणि अडतीस वर्षं नाचवली. मधली काही वर्षं ते वीटभट्टीवर बायकोसकट बाहेर राहत, पण बोहाड्याला परत येत. त्यांची बायको मंगळी मुखवट्याला आपली सवत म्हणायची. "सवतीला तेल लावायला हात येतो तुमचा. माझ्या टाचंला भेगा पडल्या त्या नाय दिसत."

"तुझी टाच घेऊन नाचू का मग?"

"नाचा की. पोरं तिलाबी भितील."

मुलगा मनोज वाशिंदला कारखान्यात लागला. तिथेच खोली घेऊन राहिला. बाप म्हणाला, आता तू. पहिल्या वर्षी मनोजला सुट्टी मिळाली नाही. पाळी संपवून तो तसाच, कारखान्याच्या निळ्या शर्टात वाडीवर आला तेव्हा सांबळ सुरू झालेलं. पट्टी लावायला जुनं कापड शोधायला वेळ नव्हता. त्याने अंगावरच्या शर्टाची बाही खांद्यातून उसवली आणि आत घातली. दुसऱ्या दिवशी एका बाहीच्या शर्टात परत गेला. वाशिंदला त्याला सगळे हसले. त्याने ते घरी येऊन स्वतःच सांगितलं होतं, हसत.

तीन वर्षं तो नाचला. गणू, सांबळ वाजवणारा, कोंडूबाबांच्या बरोबरीचा, सांगतो की पोरगा बापापेक्षा जड पाय टाकायचा, पण गिरकी बापाचीच. तिसऱ्या बोहाड्यानंतरच्या दिवाळीला घरी येताना आटगावजवळ महामार्गावर त्याची मोटारसायकल घसरली. त्याला वाडीवर आणलं तेव्हा अंगात निळा शर्टच होता. दोन्ही बाह्यांचा, नवा.

घरात नाचवणारा उरला नाही तर सोंग रिकामं ठेवत नाहीत. भावकीत कुणी उभं राहिलं तर त्याला द्यायचं, नाहीतर पुढच्या बोहाड्याआधी नदीत थंड करायचं. भावकीतला एक पुतण्या तयार होता. पण त्याला दिलं असतं तर निळ्या बाहीवर त्याची पट्टी आली असती. कोंडूबाबा म्हणाले, नको, थंड करतो. त्राटिका घोंगडीत बांधून ते काळू नदीच्या पुलाकडे निघाले. वाडीने त्यांना जाताना पाहिलं, संध्याकाळी रिकाम्या घोंगडीने येताना पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. मंगळीनेही नाही.

पुलावर ते किती वेळ उभे होते ते मला ठाऊक नाही. मुरबाडची एसटी आली आणि त्यांनी हात केला, एवढंच त्यांनी मला सांगितलं. नदीत टाकवत नव्हती, घरात ठेवता येत नव्हती. आमच्याकडे कुलूप असतं आणि वस्तू कुणी घालत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

या वर्षी संग्रहालयाने उन्हाळ्याच्या कार्यक्रमांचं पत्रक काढलं. मजकूर मीच लिहिला. एप्रिलमध्ये भाताच्या जुन्या वाणांच्या लोंब्या आणि बियाणं. मेच्या दुसऱ्या शनिवारी मुखवट्यांचं प्रदर्शन. जूनमध्ये रानभाज्या. पत्रकावर त्राटिकेचा फोटो होता आणि खाली ओळ: 'मुखवटा स्वतः घालून पाहा!' ती ओळ अक्षदाला सुचली होती. अक्षदा शहापूरची, शिकून आलेली, संग्रहालय आता ती सांभाळते. लोकांनी काचेबाहेरून बघून निघून जाऊ नये, असं तिला मनापासून वाटतं.

पत्रकं गावोगाव गेली. वैशाखऱ्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीत एक चिकटवलं होतं. गणूने ते पाहिलं आणि कोंडूबाबांना हाताला धरून तिथे नेलं.

"काय रे कोंडू, तुझी त्राटिका नदीत गेलती ना? हितं कोरडी कशी झाली?"

टपरीवर हशा झाला. कोंडूबाबा फोटो बघत राहिले.

"पोहून आली काय?" गणूने आणखी एक टाकली. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"खाली काय लिवलंय?" कोंडूबाबांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही. गणूने अक्षर लावून लावून वाचलं. घालून पाहा.

"कुणी?"

"कुणीबी. जो येईल तो."

हे सगळं गणूने मला प्रदर्शनाच्या शनिवारी सांगितलं, संग्रहालयाच्या अंगणात, बाबा आत जायच्या आधी. दोघं सकाळच्या पहिल्या एसटीने आले होते. गणूने सांबळ आणलं होतं, बाबांनी तीच घोंगडी. पंचांनी ठरवलं होतं: चूक झाली ती झाली, कोंडूने एकदा शेवटची नाचवावी आणि येताना पुलावरून सोडून द्यावी. वाडी काही म्हणणार नाही. बाबांचे गुडघे सुजलेले होते. पायरी चढताना ते थांबले. मंगळीने त्यांना धुतलेला सदरा घालायला लावला होता.

"बाय," ते अक्षदाला म्हणाले, "आदी मी घालतो. मग दुसऱ्या कुणी नको."

अक्षदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. मुलगा गेलेला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा बदलला. ती लगेच त्यांच्याजवळ गेली. "बाबा, पहिला मान तुमचाच. इतर कुणी घालणार नाही, मी सांगते सगळ्यांना. आणि न्यायची असेल तर तेही बघू, मी अर्ज लिहून देते." तिने खरोखरच टेबलावर चिकटवलेली 'घालून पाहा'ची ओळ काढून टाकली. बाबांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

दालनात वीस-पंचवीस माणसं होती. मुरबाडच्या शाळेतले शिक्षक, वाशिंदच्या नव्या वसाहतीतली दोन-तीन कुटुंबं, लहान मुली. काचेचं झाकण उचललेलं होतं. त्राटिका लाल कापडावर बसवली होती. कुणीतरी तिचा रंग नीट उजळला होता, सुळे पांढरे झाले होते. गणू भिंतीला टेकून बसला आणि सांबळावर त्याने अगदी हळू बोट फिरवलं.

"बघ कोंडू, नटली बघ तुझी," तो म्हणाला. "मंगळीला सांगू नकोस."

बाबा हसले. तोंडाकडे त्यांनी याही वेळी नीट बघितलं नाही. खांद्यावरची घोंगडी खाली अंथरून दोन्ही हातांनी त्यांनी मुखवटा उचलला आणि घालण्यासाठी पालथा केला.

आत लाकूड होतं. स्वच्छ, पिवळट, वार्निश लावलेलं. कपाळाच्या जागी पांढऱ्या स्पंजची एक पट्टी व्यवस्थित कापून चिकटवलेली होती.

त्यांनी स्पंजवर अंगठा दाबला. तो आत गेला आणि सोडल्यावर वर आला. मग त्यांनी लाकडाच्या कडेने बोट फिरवलं, नाकाजवळून, डोळ्यांच्या भोकांखालून, पूर्ण एक फेरा, जसं अंधारात कोनाड्यात काही चाचपतात तसं.

"ते जुनं अस्तर होतं ना बाबा," अक्षदा म्हणाली, "त्याला कसर लागली होती. मुलं घालणार म्हणून मागच्या महिन्यात काढून साफ करून घेतलं. नोंदीत त्याचं काही..." ती थांबली. तिला कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खाली.

"कुठंय ते?" हे गणूने विचारलं.

"जाळलं," अक्षदा म्हणाली. "कसर पसरू नये म्हणून जाळतात. बाबा, मला माहीत नव्हतं हो. खरंच नव्हतं."

बाबांनी मान हलवली. रागाने नाही. पोरीने काही चुकीचं सांगितलं नाही, एवढंच त्या हलवण्यात होतं. त्यांनी मुखवटा नाकाजवळ नेला. वार्निशाचा वास मला चार हातांवरून येत होता.

"बाबा, न्या तुम्ही ती," अक्षदा म्हणाली. "आत्ता न्या. अर्जबिर्ज काही नको."

पुढे उभी असलेली एक लहान मुलगी आईला विचारत होती, ते घालत का नाहीत.

कोंडूबाबांनी त्राटिका लाल कापडावर परत ठेवली, तोंड वर करून, लोकांकडे. थोडी वाकडी बसली होती, ती सरळ केली. खाली अंथरलेली घोंगडी उचलली, झटकली, घडी केली. चारपदरी घडी, सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून. सांबळावरची गणूची बोटं थांबली होती. माणसांनी वाट दिली. दुखरा गुडघा हाताने धरून ते उंबरठा उतरले आणि अंगणातल्या उन्हातून, दारावरच्या पत्रकाकडे न बघता, रस्त्याकडे चालत गेले.